डोकी मोजणारे राजकारण आणि मागावरची माणसे

भिवंडीच्या महापालिकेच्या अधिकृत नावात निजामपूर हे नाव आजही टिकून आहे. कामवारी नदीच्या काठी, जुन्या मुंबई-आग्रा रस्त्यालगत वसलेल्या या जोडगावाचा तो जुना, दाट वस्तीचा भाग. निजामपुऱ्याच्या आसपासच्या गल्ल्यांतून जाणाऱ्यास माणसे दिसण्याआधी मागांचा खडखडाट ऐकू येतो. हा खडखडाट दिवसपाळी संपली म्हणून थांबत नाही. रातपाळीचा माणूस येऊन उभा राहतो आणि दिवसपाळीचा माणूस त्याने मोकळ्या केलेल्या जागेवर जाऊन निजतो. देशाच्या लोकसंख्येविषयी आज दिल्लीत, चेन्नईत आणि परदेशांतील राजधान्यांत जी चर्चा चालू आहे, तिच्यातील बहुतेक प्रश्न या एका वस्तीत पाहता येतात. मात्र ते पाहताना हाती नीट आकडे हवेत, आणि आकड्यांपाठोपाठ येणारी भीती बाजूला ठेवता यावी लागते.

१९७१ च्या जनगणनेच्या वेळी भिवंडीची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती. २०११ च्या जनगणनेत ती सात लाखांवर गेलेली आढळली. म्हणजे चाळीस वर्षांत सुमारे सातपटीहून अधिक वाढ. याच काळात साऱ्या देशाची लोकसंख्या ५५ कोटींच्या आसपास होती ती १२१ कोटी झाली; ही वाढ सव्वादोनपटीची. हद्दवाढीचा भाग वगळला तरी उरलेल्या तफावतीचा अर्थ उघड आहे. भिवंडी पाळण्यातून वाढलेली नाही. ती रेल्वेगाडीतून उतरलेल्या माणसांनी वाढली आहे. याचा आणखी एक पुरावा त्याच जनगणनेत आहे. २०११ साली या शहरात दर १००० पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सुमारे ७१० होती. कुटुंबकबिल्यासह नांदणाऱ्या गावाचे असे प्रमाण असत नाही. बायकामुले गावी ठेवून, ज्यांना येथे 'बिशी' म्हणतात त्या खाणावळींत महिनेमाल जेवून, मिळकतीतला मोठा हिस्सा घरी पाठविणाऱ्या पुरुषांच्या गावाचे ते प्रमाण आहे.

कोण आले, कशासाठी आले

हे येणे आजकालचे नाही. कोकणी मुसलमान, आगरी, कोळी, ब्राह्मण, व्यापारी असा या गावाचा जुना रहिवास. १८५७ च्या उठावानंतरच्या दशकांत उत्तर हिंदुस्थानातील विणकर, म्हणजे मोमीन अन्सारी, आपले हातमाग आणि आपली कसबे घेऊन दक्षिणेकडे सरकले आणि त्यांच्यापैकी अनेकांनी मालेगाव व भिवंडी येथे वस्ती केली. १९३० नंतर विजेवर चालणारे माग आले. तेलंगणातील पद्मशाली विणकरही आले. शहरातील पद्मानगर ही वस्ती त्यांच्या आगमनाची खूण आहे. पुढे मुंबईच्या कापडगिरण्यांचा बोजा जसजसा यंत्रमागाकडे सरकू लागला, तसतशी भिवंडीतील मागणी वाढली. जानेवारी १९८२ मध्ये डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर गिरणगाव उतरणीस लागले आणि यंत्रमागाचे दिवस आले. गिरणीत कामगार कायदा होता, पाळी आठ तासांची होती, युनियन होती. मागाच्या कारखान्यात पाळी बहुधा बारा तासांची, मजुरी मीटरमागे, आणि नोकरीचा कागद नाही. तरीही उत्तर प्रदेश व बिहारातून माणसे येत राहिली, कारण गावाकडील जमिनीचे तुकडे चार भावांत वाटले जाऊन पोट भरण्याजोगे उरले नव्हते.

लोकसंख्याशास्त्र ज्या गोष्टीला स्थलांतर म्हणते ती ही. एका प्रदेशात हातांची भर आणि कामाची वाण, दुसऱ्या प्रदेशात कामाची भर आणि हातांची वाण. महाराष्ट्राच्या अंतर्भागातही हेच चालले आहे. २००१ ते २०११ या दशकात ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या एक तृतीयांशाहून अधिक वाढून एक कोटी दहा लाखांवर गेली आणि तो देशातील सर्वांत मोठ्या लोकसंख्येचा जिल्हा ठरला. ऑगस्ट २०१४ मध्ये त्यातून पालघर वेगळा काढावा लागला. त्याच दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांची लोकसंख्या घटली. चाकरमान्यांच्या बंद घरांची दारे गणपतीत उघडतात आणि विसर्जनानंतर पुन्हा मिटतात, हे कोकणास नवे नाही. परप्रांतीयांच्या लोंढ्याविषयी बोलणाऱ्याने स्वतःच्या आजोबांनी बोटीतून मुंबई गाठली होती, एवढे स्मरण ठेवले तरी वादाची धार बोथट होईल.

संख्येची भीती

परंतु हे स्मरण ठेवले जात नाही. भिवंडीत मुसलमानांची संख्या निम्म्याहून अधिक आहे, आणि ही एक गोष्ट या शहराविषयीच्या साऱ्या बोलण्यावर सावलीसारखी पडलेली असते. ७ मे १९७० रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली; तिची झळ जळगाव व महाड येथपर्यंत पोहोचली. न्यायमूर्ती डी. पी. मादन यांच्या चौकशी आयोगाने त्या दंगलीची पूर्वपीठिका, चिथावणी आणि पोलिसांचे वर्तन यांचा अत्यंत तपशीलवार अहवाल दिला. तो अहवाल कपाटात राहिला आणि मे १९८४ मध्ये भिवंडी पुन्हा पेटली. या वेळी आग ठाणे, कल्याण, मुंबईपर्यंत गेली आणि दोनशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. मारणाऱ्याच्या मनात आणि मरणाऱ्याच्या मनात एकाच जातीचा प्रश्न पेरला गेलेला होता : आपण किती आणि ते किती?

या प्रश्नाचे उत्तर भाषणांतून नव्हे तर पाहणीतून शोधले पाहिजे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या १९९२-९३ मधील पहिल्या फेरीत देशातील मुसलमान स्त्रीला आयुष्यात सरासरी ४.४ मुले होत आणि हिंदू स्त्रीला ३.३. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत हे आकडे अनुक्रमे सुमारे २.४ आणि १.९ वर आले. दोहोंतील अंतर १.१ होते ते अर्ध्याहून कमी झाले. आणि घसरणीचा वेग मुसलमानांत अधिक आहे. दुसरीकडे प्रांतांतील अंतर पाहावे. याच पाचव्या पाहणीत बिहारचा प्रजननदर ३.०, उत्तर प्रदेशाचा २.४, तर महाराष्ट्राचा १.७ आढळला. लोकसंख्या पिढ्यान्पिढ्या स्थिर राहण्यास २.१ हा दर लागतो. बिहारमधील हिंदू कुटुंब आणि केरळातील मुसलमान कुटुंब शेजारी बसवले तर धर्मापेक्षा शाळा, दवाखाना आणि मुलीच्या लग्नाचे वय यांचा पगडा किती अधिक आहे हे समजून येते. त्याच पाहणीनुसार कधीच शाळेत न गेलेल्या स्त्रीला सरासरी २.८ मुले होतात, तर बारावी वा त्यापुढे शिकलेल्या स्त्रीला १.८. जन्मदराची किल्ली फळ्यावर आणि खडूत आहे. देवळात वा मशिदीत ती शोधणे व्यर्थ आहे.

भिवंडीने या बाबतीत आणखी एक धडा दिला, तो महाराष्ट्रास पुरेसा माहीत नाही. १९८४ नंतर पोलीस उपायुक्त म्हणून येथे आलेले सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या स्थापन केल्या. दोन्ही समाजांतील माणसे नियमाने पोलिसांसमवेत एकत्र बसत. पाणी, रस्ते, नळावरची भांडणे यांविषयी बोलत. ज्यांची डोकी केवळ मोजली जात होती त्यांना तोंडे लाभली. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये शेजारची मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. लोकसंख्येचे प्रमाण त्या आठ वर्षांत बदललेले नव्हते. बदलली होती ती माणसांची परस्परांशी ओळख.

सक्तीचा इतिहास

जन्मदराविषयी विचार करण्याची महाराष्ट्राची परंपरा देशात सर्वांत जुनी म्हणावी लागेल. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून आपल्या निधनापर्यंत 'समाजस्वास्थ्य' चालविले. त्यासाठी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली आणि खटले सोसावे लागले. नोव्हेंबर १९३८ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने मुंबई विधिमंडळात संततिनियमनाच्या प्रसाराचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. या दोघांच्या विचारांत एक समान सूत्र होते. संततिनियमन हा स्त्रीच्या शरीरावरील तिच्या हक्काचा आणि दरिद्री कुटुंबाच्या सुटकेचा प्रश्न आहे, राज्यकर्त्यांच्या सोयीचा नव्हे.

स्वातंत्र्यानंतर १९५२ साली भारताने सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रम हाती घेतला. जगात असा राष्ट्रीय कार्यक्रम घेणारा तो पहिला देश. १९७४ च्या बुखारेस्ट परिषदेत भारताचे आरोग्यमंत्री डॉ. करण सिंग यांनी विकास हाच संततिनियमनाचा उत्तम उपाय असल्याची भूमिका मांडली होती. दोनच वर्षांनी त्याच मंत्र्यांनी आणीबाणीत जाहीर केलेल्या धोरणाने राज्यांना सक्तीचे कायदे करण्याची मोकळीक दिली. महाराष्ट्र विधिमंडळाने तसे विधेयक १९७६ मध्ये संमतही केले. राष्ट्रपतींची मान्यता मिळाली नाही म्हणून ते अमलात आले नाही एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशभर सुमारे ८२ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या, त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या. शिक्षकांना, तलाठ्यांना, कारकुनांना आकडे ठरवून दिले गेले आणि पगारवाढ त्या आकड्यांशी बांधली गेली. लोकांनी १९७७ च्या निवडणुकीत उत्तर दिले. पण त्या वर्षाचा खरा भुर्दंड स्त्रियांनी भरला. पुरुषाची नसबंदी हा शब्द पुढाऱ्यांनी टाळला आणि सारे ओझे बायकांच्या माथी गेले. पाचव्या पाहणीत कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया झालेल्या स्त्रियांचे प्रमाण ३८ टक्क्यांच्या आसपास, तर पुरुषांचे ०.३ टक्का आहे.

चीनची कथा याहून कठोर. तेथे १९८० च्या सुमारास एका मुलाचे बंधन आले. २०१६ पासून दोन मुलांस आणि २०२१ मध्ये तीन मुलांस परवानगी मिळाली. परवानगी मिळाली तरी मुले आली नाहीत. २०२२ पासून चीनची लोकसंख्या घटू लागली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे भारताने तिला मागे टाकले. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागली. दक्षिण कोरियात तर २०२३ साली प्रजननदर ०.७२ इतका खाली गेला. १७९८ मध्ये माल्थसने मांडलेली धास्ती होती ती अन्नापेक्षा तोंडे अधिक होण्याची. आता अर्ध्या जगाची चिंता उलट आहे : म्हाताऱ्यांची सेवा कोण करणार, कर कोण भरणार, सैन्यात कोण जाणार? सरकारने बळाने जन्मदर खाली खेचता येतो, असे फार तर म्हणता येईल; बळाने तो वर नेता येत नाही, हे मात्र आता सिद्ध झाले आहे.

माणसांच्या संख्येवर खुर्च्यांची वाटणी

भारतात या साऱ्याचे राजकीय रूप म्हणजे लोकसभेच्या जागा. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यांच्या जागांची वाटणी १९७१ च्या लोकसंख्येवर गोठविली गेली. हेतू असा की, कुटुंबनियोजन करणाऱ्या राज्याला त्याच्या शहाणपणाची शिक्षा होऊ नये. २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या दुरुस्तीने ही गोठवण २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबविली. राज्याअंतर्गत सीमा मात्र २००१ च्या जनगणनेनुसार बदलल्या, आणि त्यातूनच भिवंडी हा लोकसभा मतदारसंघ निर्माण होऊन २००९ साली तेथे पहिली निवडणूक झाली. जागांच्या नव्या वाटणीत उत्तरेचे वजन वाढेल आणि दक्षिणेचे घटेल, ही भीती २०२४ पासून उघडपणे बोलली जाऊ लागली. आंध्र प्रदेश व तमिळनाडूच्या मुख्यमंत्र्यांनी तर त्या वर्षी अधिक मुले होऊ देण्याची भाषा केली. आणि स्थानिक निवडणुकांतील दोन अपत्यांची अट आंध्रने त्याच वर्षी रद्द केली. महाराष्ट्रात हीच अट २००१ च्या सप्टेंबरनंतर जन्मलेल्या अपत्यांपासून लागू झाली. एका पिढीच्या आत जी गोष्ट पाप होती ती पुण्य ठरू लागली!

पैशाच्या वाटणीतही हाच तिढा. २०२१-२६ साठीच्या पंधराव्या वित्त आयोगाने लोकसंख्येचा आधार १९७१ ऐवजी २०११ चा धरला. पण त्याबरोबरच प्रजननदर आटोक्यात आणणाऱ्या राज्यांसाठी १२.५ टक्के वजन वेगळे राखले. हा समझोता कोणालाच पूर्ण रुचला नाही. तो रुचण्याजोगा नव्हताच. कारण एक माणूस एक मत हे लोकशाहीचे तत्त्व आणि राज्याराज्यांतील विश्वास हे संघराज्याचे तत्त्व, ही दोन्ही येथे समोरासमोर उभी राहतात.

माणसे मोजण्याची भीती कोणत्या थरास जाऊ शकते हे पाहायचे असेल तर लेबनॉनकडे पाहावे. तेथील अखेरची अधिकृत जनगणना १९३२ ची. तिच्या आधारे १९४३ च्या अलिखित कराराने ख्रिस्ती व मुसलमान यांच्यात संसदेच्या जागा सहास पाच या प्रमाणात वाटल्या गेल्या. पुढे प्रमाण बदलले, हे सर्वांना ठाऊक होते. म्हणूनच पुन्हा मोजण्याचे धाडस कोणी केले नाही. १९७५ ते १९९० या काळात तो देश यादवीत होरपळला, आणि १९८९ च्या तायफ करारात जागा निम्म्या निम्म्या करूनच शांततेची वाट सापडली. जनगणना टाळल्याने वास्तव थांबत नाही, फक्त ते अंधारात वाढते.

जो मोजला गेला नाही

भारताची २०२१ ची जनगणना साथीमुळे लांबली आणि जून २०२५ च्या अधिसूचनेने पुढील मोजणीसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला. मधली सोळा वर्षे निजामपुऱ्यासारख्या वस्तीस फार महागात पडली. अन्नसुरक्षा कायदा २०१३ चा; त्याखालील लाभार्थ्यांची संख्या २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेली. नळाच्या पाण्याचा हिशेब, शाळांची संख्या, दवाखान्यांतील खाटा, निधीचा वाटा, सारे जुन्या डोक्यांवर. शिवाय मोजणीच्या रात्री जो गावी गेला तो येथला राहत नाही आणि जो पाळीवर असतो तो कोठलाच राहत नाही. त्याचे शिधापत्र एका जिल्ह्यात, श्रम दुसऱ्या जिल्ह्यात, मत तिसऱ्याच कोणाच्या हिशेबात. १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा कंत्राटदाराने आणलेल्या मजुरांसाठी होता. भावकीतल्या माणसाचा हात धरून आलेला मागवाला त्यात बसत नव्हता. दूरच्या मतदारास कामाच्या गावीच मत देता यावे म्हणून निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस यंत्राचा प्रस्ताव मांडला. त्यावर पक्षांचे एकमत झाले नाही.

या अदृश्यतेचा हिशेब २०२० च्या वसंतात चुकता करावा लागला. २५ मार्चला टाळेबंदी सुरू झाली आणि माग थांबले. खडखडाट बंद पडलेल्या त्या गल्ल्यांत मजुरी नव्हती, बिशी बंद होत्या, आणि जे येथले नव्हतेच त्यांना शिधा कोणत्या यादीवर द्यायचा हे यंत्रणेला ठाऊक नव्हते. माणसे नाशिकच्या रस्त्याने पायी निघाली. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात भिवंडी रोड स्थानकावरून गोरखपूरकडे श्रमिक विशेष गाडी सोडण्यात आली, तेव्हा फलाटावर ओळीने बसलेल्या त्या माणसांत या शहराची खरी लोकसंख्या प्रथमच एका जागी दिसली. काही महिन्यांत मालकांनीच त्यांना परत बोलावणी धाडली. ज्यांना लोंढा म्हटले जाते त्यांच्यावाचून एक मीटर ग्रे कापडदेखील निघत नाही, हे त्या काळात सर्वांना उमगले. टिकले किती, हा भाग वेगळा.

भिवंडीचे आजचे चित्र पुन्हा बदलते आहे. शहराच्या हद्दीबाहेर माणकोली, काल्हेर, पूर्णा या गावांच्या शेतांत प्रचंड गोदामे उभी राहिली आहेत. मागाकडून माणसे गोदामाकडे वळत आहेत. उत्तर प्रदेशाचा प्रजननदर १९९२-९३ मध्ये ४.८ होता तो अर्ध्यावर आला आहे. म्हणजे आणखी एका पिढीनंतर तेथूनही तरुणांचा ओघ मंदावेल. देशाची लोकसंख्या या शतकाच्या सातव्या दशकात शिखर गाठून उतरू लागेल, असा संयुक्त राष्ट्रांचा २०२४ चा अंदाज आहे. आज ज्या हातांची गर्दी वाटते त्यांची उणीव भासण्याचा दिवस फार दूर नाही. जपान, जर्मनी आणि आखाती देश आज भारताकडे ज्या नजरेने पाहतात, त्या नजरेने महाराष्ट्रास बिहारकडे पाहावे लागेल. कतारमध्ये चार माणसांतील जवळपास तीन पुरुष आहेत. भिवंडीतील स्त्री-पुरुष प्रमाण त्याच वाटेवरचे आहे. दोन्ही ठिकाणी माणसाचे श्रम हवे असतात, त्याचे कुटुंब नको असते.

तेव्हा येत्या मोजणीत शिक्षक जेव्हा निजामपुऱ्यातील एखाद्या कारखान्याच्या दाराशी जाईल, तेव्हा त्याने निजलेल्या माणसाला उठवून नाव, गाव आणि वास्तव्याची वर्षे नीट लिहून घेणे, हे केवळ सरकारी काम राहणार नाही. शहराच्या पाण्याचा, मुलांच्या शाळेचा आणि उद्याच्या दंगलीचा वा शांततेचा हिशेब त्या ओळीवर अवलंबून असेल. ज्याची नोंद होते त्याच्याविषयी बोलता येते. ज्याची होत नाही त्याच्याविषयी फक्त अफवा उठतात, आणि अफवांची किंमत काय असते हे या गावाला दोनदा कळून चुकले आहे.